पळस आणि खार: प्रस्तावना

पळस हा शिंबावंत कुलातला पानझडी वृक्ष आणि खार हा कृंतक गणातला, म्हणजे कुरतडून खाणाऱ्या सस्तन प्राण्यांपैकी, एक लहान प्राणी. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ही दोन नावे माहीत नाहीत असा माणूस सापडायचा नाही. किनवट-माहूरच्या डोंगरांत पळसाचे रान आहे. औसा-निलंग्याच्या काळ्या जमिनीत तो बांधावर, ओढ्याकाठी आणि गायरानाच्या कडेला उरला आहे. खार मात्र रानातल्या कडुनिंबापासून शहरातल्या घराच्या गच्चीपर्यंत सगळीकडे वावरते. या दोघांचा शेवटचा समान पूर्वज शोधायचा तर अंदाजे दीडशे कोटी वर्षे मागे, एकपेशीय जीवांच्या काळात जावे लागते. इतके दूरचे दोन सजीव एका पुस्तकात शेजारी आणण्यामागे दोन प्रश्न आहेत: हा सजीव कोण आणि त्याचे सध्या कसे चालले आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गीकरणशास्त्र देते, दुसऱ्याचे संवर्धनशास्त्र. दोन्हींचा इतिहास वेगळा, पुराव्यांची जात वेगळी, उत्तर बदलण्याची कारणेही वेगळी. तरीही सर्वसाधारण वाचनात त्यांची गल्लत होते. जे नेहमी दिसते ते सुरक्षित आहे आणि ज्याला नाव आहे त्याची माहिती पूर्ण झाली आहे, अशी समजूत सहज रुजते. पळस आणि खार ही दोन्ही 'नेहमीची' मंडळी असल्यामुळेच ही समजूत तपासायला सोयीची आहेत.

दोघांची गाठ झाडावरही पडते. पळसाची केशरी फुले मधाने भरलेली असतात आणि त्यांची घडण पक्ष्यांकडून परागण व्हावे अशी असते. एच. वाय. मोहन राम आणि के. आर. शिवण्णा यांच्यासह दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फुलांवर येणाऱ्या पाहुण्यांपैकी जांभळा सूर्यपक्षी हा सर्वांत प्रभावी परागवाहक ठरला. त्याच्या जोडीला खारही परागण करते, आणि कळी उमलण्याआधी तीच खार मध चोरतेही, असे त्यांना आढळले. एकाच झाडाच्या परागाने होणारी फळधारणा फार कमी, दुसऱ्या झाडाच्या परागाने होणारी त्याच्या कितीतरी पट अधिक, हा त्या अभ्यासाचा दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष. म्हणजे बांधावर एकटा उरलेला पळस फुलांनी लगडला तरी त्याला शेंगा धरतीलच असे नाही. त्याला जवळपास दुसरा पळस लागतो आणि मधे ये-जा करणारा कोणीतरी लागतो. वर्गीकरणाच्या कोष्टकात हे नाते कुठेच दिसत नाही, संवर्धनात मात्र त्याला पहिले स्थान द्यावे लागते.

वनस्पतींच्या वर्गीकरणात पळसाचा प्रवास लांबचा आहे. कोचीचा डच अंमलदार व्हान ऱ्हेडे याने 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत काढलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये त्याचे चित्र 'प्लासो' या नावाने आहे. लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींसाठी द्विनाम पद्धत रूढ केली. त्यानंतर फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने पळसाला पांगाऱ्याच्या एरिथ्रिना या प्रजातीत बसवले. दोघांची तीन पर्णिकांची पाने आणि भडक फुले पाहता ते समजण्यासारखे होते. कंपनी सरकारचा वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने ब्यूटिया ही वेगळी प्रजाती ओळखली आणि पुढे 'ब्यूटिया मोनोस्पर्मा' हे नाव स्थिरावले. त्यातला दुसरा शब्द शेंगेच्या टोकाशी असणाऱ्या एकुलत्या एका बीवरून आला आहे.

पळसाला पाने तीनच, हे म्हणीपुरते नाही, वर्गीकरणातही ते लक्षण आहे. तीन पर्णिकांचे संयुक्त पान तुरीला आहे, सोयाबीनलाही आहे. हे तिघे शिंबावंत कुलाच्या एकाच उपकुलात येतात आणि मराठी परिभाषेत त्या उपकुलाला 'पलाश उपकुल' असेच म्हणतात. लातूरच्या बाजार समितीत ज्या तूर, सोयाबीन आणि हरभऱ्याचे सौदे होतात, ती पिके बांधावरच्या पळसाची भावकीच आहेत. या कुलाच्या सुमारे 19,500 जाती आहेत. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथॅम आणि हूकर यांनी 1862 ते 1883 या काळात रचलेल्या नैसर्गिक पद्धतीत ते तीन उपकुलांचे एकच कुल होते. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॉन्क्विस्टने त्याची तीन स्वतंत्र कुले केली. रेणवीय पुराव्यावर उभ्या राहिलेल्या आणि 1998 पासून वेळोवेळी सुधारत गेलेल्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) पद्धतीने ते पुन्हा एकत्र आणले. 2017 मध्ये शिंबावंतांच्या जागतिक अभ्यासगटाने त्यात सहा उपकुले मांडली. या सगळ्या उलथापालथीत पळसाची बैठक हलली नाही. बाभूळ आणि बहावा यांचे शेजारी मात्र बदलले. महाविद्यालयांत आजही बेंथॅम आणि हूकर शिकवले जातात आणि संशोधन एपीजीनुसार चालते, त्यामुळे विद्यार्थ्याला दोन्ही भाषा याव्या लागतात.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. थिओडोर कुक याने 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची तयार केली आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अभ्यासकांना भक्कम आधार मिळाला. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे त्या सूचीच्या हद्दीबाहेर राहिले. ही उणीव भरून निघायला विसावे शतक संपत आले. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' 1998 मध्ये प्रसिद्ध झाला आणि या प्रदेशाला स्वतःची नावानिशी वनस्पतिसूची मिळाली. आठ दशकांहून अधिक काळ झालेला हा उशीर इथल्या निसर्गाच्या नोंदींत अजूनही जाणवतो.

कृंतकांचे घराणे पळसाच्या कुलाहून गुंतागुंतीचे आहे. सस्तन प्राण्यांच्या सुमारे 40 टक्के जाती या एकट्या गणात आहेत. वरच्या आणि खालच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकेक जोडी, आयुष्यभर वाढत राहणारी आणि कुरतडून झिजवावी लागणारी, ही या गणाची खूण. घूस, साळिंदर, हरणउंदीर, शेतातला मऊ उंदीर आणि खार हे सगळे याच गणातले. 1855 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ब्रांट याने जबड्याच्या स्नायूंच्या मांडणीवरून त्यांचे तीन मोठे गट केले: खारींसारखे, उंदरांसारखे आणि साळिंदरांसारखे. नावे अजून वापरात आहेत, पण स्नायूंची सारखी ठेवण वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे निर्माण झाली असावी हे पुढे लक्षात आले. 2001 च्या सुमारास झालेल्या डीएनए अभ्यासांनी त्याहून मोठा धक्का दिला. कृंतक आणि ससे हे गायी, कुत्रे किंवा वटवाघळे यांच्यापेक्षा माकडे आणि माणूस यांना जवळचे निघाले. गच्चीवरची खार गोठ्यातल्या गायीपेक्षा माणसाची जवळची नातेवाईक आहे, आणि हा निष्कर्ष आता सर्वमान्य आहे.

खारींच्या कुलातही शाखा आहेत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही मोठी वृक्षखार वेगळ्या उपकुलात, तर पट्ट्यांच्या लहान खारी दुसऱ्या उपकुलात येतात. दक्षिण भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या तीन पट्ट्यांच्या खारीला लिनियसनेच 1766 मध्ये नाव दिले. उत्तर आणि मध्य भारताच्या कोरड्या भागातली पाच पट्ट्यांची खार, 'फुनाम्बुलस पेनांटी', वेगळी जात असल्याचे आर. सी. रॉटन याने 1905 मध्ये दाखवले. रॉटन हा मुंबई इलाख्यातला वनाधिकारी. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणात त्याचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रात दोन्ही जाती आहेत. लांबून त्या सारख्याच दिसतात. पाठीवरच्या तीन ठळक पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला आणखी एकेक फिकट पट्टा आहे का, हे पाहावे लागते. दिल्लीच्या अभ्यासात पळसावर आलेल्या खारीची नोंद तीन पट्ट्यांची अशी आहे. किनवटच्या पळसावर येणाऱ्या खारीचे पट्टे पाहून नोंद करणे शाळकरी मुलांनाही जमण्यासारखे आहे आणि त्या नोंदीला शास्त्रीय मोल आहे.

वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाचे नियम वेगवेगळ्या संहितांत आहेत. वनस्पतींची नावे 1753 पासून धरली जातात, प्राण्यांची 1758 पासून. प्राण्यांत 'रॅटस रॅटस' असे दुहेरी नाव चालते, वनस्पतींत ते अवैध ठरते. नियमांपेक्षा मतभेद अधिक आहेत ते तत्त्वांत. 1960 च्या दशकात सोकल आणि स्नीथ या वर्गीकरणशास्त्रज्ञांनी जास्तीत जास्त लक्षणे मोजून साम्याच्या आकड्यावर गट करावेत असा आग्रह धरला. उत्क्रांतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांच्या परंपरेने वंशाबरोबर झालेल्या बदलाचे मापही महत्त्वाचे मानले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याच्या अनुयायांनी समान पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज यांचाच गट खरा मानला. आज पारडे हेनिगच्या बाजूला झुकले आहे. पण रानात उभ्या असलेल्या माणसाला झाड ओळखायचे असते ते पान, फूल आणि शेंग पाहून. वंशावळीतला खरेपणा आणि ओळखण्यातली सोय यांचा मेळ घालणे हे अजूनही वर्गीकरणाचे मुख्य काम आहे.

संवर्धन स्थितीचे शास्त्र त्यामानाने तरुण आहे. 1948 मध्ये स्थापन झालेल्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1964 पासून धोक्यातल्या जातींच्या लाल यादीचे काम सुरू केले. प्रारंभी तज्ज्ञांच्या मतावर चालणारी ही यादी 1994 नंतर मोजता येणाऱ्या निकषांवर आली: संख्या किती घटली, प्रसारक्षेत्र किती उरले, प्रौढ व्यक्ती किती आहेत. घट मोजायची ती 10 वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जे अधिक असेल त्या काळात. इथे झाड आणि प्राणी यांच्यातला फरक फार महत्त्वाचा ठरतो. खारीच्या तीन पिढ्या 10 वर्षांच्या आत उलटतात, म्हणून तिचा हिशेब दहा वर्षांचा. पळसासारख्या दीर्घायुषी वृक्षाच्या तीन पिढ्या मोजायच्या तर अनेक दशके मागे जावे लागते. लातूरसाठी तो हिशेब निजामाच्या काळापर्यंत पोहोचू शकतो. तितक्या जुन्या नोंदी नसतील तर झालेली घट कागदावर येतच नाही.

जागतिक यादीत पळस आणि पाच पट्ट्यांची खार दोन्ही 'किमान चिंता' या वर्गात आहेत. व्यापक प्रसार पाहता हा निर्णय बरोबर आहे, पण तो जगापुरता आहे. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेली हीच खार तिथे परका उपद्रवी प्राणी मानली जाते. म्हणजे स्थिती ही जातीची असते तशी जागेचीही असते. आपल्या राज्यात याचे सर्वांत बोलके उदाहरण सिंहगडावर आहे. मराठवाड्याच्या शेतांत मिलार्डिया प्रजातीतला मऊ उंदीर पिकाची नासाडी करणारा म्हणून मारला जातो. त्याच प्रजातीतला कोंडाणा उंदीर 1975 मध्ये सिंहगडावरून प्रथम वर्णिला गेला. गडाच्या माथ्याच्या चिमुकल्या क्षेत्रापुरती त्याची नोंद असून अधिवासाचा ऱ्हास, चराई आणि पर्यटकांची वर्दळ यांमुळे त्याची गणना संकटग्रस्तांत होते. वर्गीकरणात भाऊ, नशिबात जमीन-अस्मानाचे अंतर. वनस्पतींत सह्याद्रीच्या कड्यांवरचे शिवसुमन असेच. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने 1860 च्या दशकात त्याला फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती दिली होती. अलीकडे ते बूसेरोसिया या मोठ्या प्रजातीत गेले. महाराष्ट्राने आपली एकमेव जात असलेली प्रजाती कागदावर गमावली, कड्यावरचे झुडूप होते तेच आणि तितकेच धोक्यात राहिले. नाव बदलल्याने संरक्षणाची गरज कमी होत नाही, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

कायद्याची वाट आणखी निराळी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मूळ पाच अनुसूची होत्या. शेकरू दुसऱ्या अनुसूचीत, पाच पट्ट्यांची खार चौथ्या अनुसूचीत नावानिशी होती. उंदरांना पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी प्राण्यांत, ढकलले होते. वनस्पतींना या कायद्यात जागा मिळायला 1991 उजाडले आणि तीही अवघ्या सहा नोंदींपुरती. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूची चारवर आणल्या, उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची गेली आणि वनस्पतींची यादी वाढली. पळस या चौकटीत कुठे बसतो? खासगी जमिनीवरील वृक्षतोडीसाठी महाराष्ट्रात 1964 चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, खैर, चंदन, जांभूळ अशी झाडे आहेत, पळस नाही. प्राणी कोणाच्याही शेतात असला तरी त्याला कायद्याचे कवच मिळते. झाड मात्र जमीनमालकाच्या मर्जीवर राहते. नेहमीच्या झाडांच्या बाबतीत ही तफावत अन्यायाची आहे.

हा विषय नांदेड-लातूरसाठी आज महत्त्वाचा आहे, कारण इथे दुर्मीळ जातींपेक्षा नेहमीच्या जातींचा आधार मोठा आहे. नांदेडला किनवट-माहूरचे सागवान आणि पैनगंगेचे खोरे आहे. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. अशा जिल्ह्यात जंगल म्हणजे बांध, ओढे, गायराने, देवस्थानांची झाडी आणि रस्त्याकडेची जुनी झाडे. सोयाबीनचा पेरा वाढला, ट्रॅक्टर आणि जेसीबी आले आणि बांध अरुंद होत गेले. लग्नाकार्यातून पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण मागे पडले, कागदाच्या आणि थर्माकोलच्या ताटल्या आल्या. त्यासरशी पळस राखण्याचे घरगुती कारणही गेले. गुरे सहसा पळसाला तोंड लावत नाहीत, तोडला तरी तो बुंध्यापासून फुटतो, क्षारपड जमिनीतही तग धरतो. म्हणूनच तो इतका टिकला. पण मुळासकट उपटलेल्या झाडाला फुटवा येत नाही. पांढऱ्या फुलांच्या पळसाभोवती असलेल्या समजुतींपायी ती विरळ झाडे ओरबाडली जातात, हा आणखी एक घाव. शास्त्राच्या दृष्टीने तो त्याच जातीतला रंगभेद आहे, त्यापलीकडे त्यात काही नाही. खारीला इतकी झळ लागलेली नाही. ती माणसाजवळ राहायला शिकली. शेतात उंदरांसाठी टाकलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष मात्र कोण खातो हे ओळखत नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा लातूरच्या टंचाईची बातमी देशभर झाली. धरणे आणि टँकर यांची चर्चा झाली, ओढ्याकाठची आणि बांधावरची झाडोऱ्याची पट्टी किती उरली याची फारशी झाली नाही. जिल्हा पातळीवर नेहमीच्या जातींचे मोजमाप नसणे हे त्याचे एक कारण आहे. त्यासाठी साधन उपलब्ध आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. नोंदवहीत 'पळस: आहे', 'खार: आहे' एवढेच लिहिले तर तिचा उपयोग नाही. किती झाडे, कोणत्या वयाची, रोपे उगवतात का, शेंगा धरतात का, फुलांवर कोण येते, हे लिहिले तरच तीस वर्षांनी कोणाला घट मोजता येईल.

प्रस्तुत पुस्तक हे काम सोपे करण्यासाठी आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन्ही संहिता आणि दोन्ही वंशावळी एकाच वेळी समजाव्यात, शिक्षकांना परिसरातली उदाहरणे मिळावीत आणि ग्रामपंचायतीच्या समित्यांना नोंदीची पद्धत हाती लागावी, अशी त्याची रचना आहे. वनस्पती आणि प्राणी यांची पुस्तके आजवर वेगळी निघत आली. अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी ते ठीक होते, पण एकाच बांधावरचे दोन सजीव दोन खोल्यांत शिकवल्याने त्यांच्यातला व्यवहार कोणाच्याच वाट्याला आला नाही. इथे प्रत्येक टप्प्यावर दोघांना एकच प्रश्न विचारला आहे आणि उत्तरे जिथे वेगळी पडतात तिथे थांबून कारण शोधले आहे. पळस आणि खार ही निवड नमुन्यादाखल आहे. मोह आणि साळिंदर किंवा बाभूळ आणि हरणउंदीर अशा जोड्या घेऊनही हाच अभ्यास करता येईल, आणि वाचकांनी तो करावा अशी अपेक्षा आहे. जागतिक यादीतला वर्ग इथे निकाल म्हणून घेतलेला नाही, चौकशीची सुरुवात म्हणून घेतला आहे.

पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि त्याच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात. हे पुस्तक हाती आल्यावर येणाऱ्या पहिल्या हंगामात वाचकांनी आपल्या शिवारातल्या एका पळसाची निवड करावी, त्यावर येणारे पक्षी आणि खारी, धरलेल्या शेंगा आणि खाली उगवलेली रोपे यांची नोंद तारखेसह ठेवावी आणि ती गावाच्या जैवविविधता नोंदवहीत दाखल करावी.